भाजलेली राख

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात सिस्टर उर्सुला धोंडूच्या खळ्यात पहिल्यांदा बसली, तेव्हा तिला पाणी करवंटीतून मिळालं. करवंटी स्वच्छ घासलेली होती, पाणी गार होतं. धोंडूच्या आईने, काशीबाईने, ती जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. बरोबरच्या सिस्टर मोनिकासाठी दुसरी करवंटी आली. दोघींचं पिऊन झाल्यावर काशीबाईने दोन्ही करवंट्या काठीने माडाच्या मुळाशी ढकलल्या.

"सून खंय आसा?" सिस्टर उर्सुलाने विचारलं.

"गोठ्यात. शेण काढता."

"कितवो म्हयनो?"

"आठवो." काशीबाईने पदर कानामागे खोचला. "मादर, आधीच सांगतंय. आमी बाटूचे नाय."

"बाटवूक येवक नाय मी. माजो बापूस वेंगुर्ल्याकडचो शेतकरी. आवस माजी भाताचो तरवो काढता काढता बाळंत झाली. तुमच्या सुनेची दोन पोरा गेली म्हणान आयकलंय, म्हणान इलंय."

काशीबाईने गोठ्याकडे एकदा बघितलं. मग उभ्या उभ्याच तिने सांगितलं. पहिला झील, म्हणजे मुलगा, दुसरं चेडू, मुलगी. दोन्ही चांगली, वजनदार. सहा दिवस पोटभर दूध प्यायली. सातव्या दिवशी तोंड उघडेना. आठव्या दिवशी अंग धनुष्यासारखं वाकलं. "राखणदाराक कोंबो दिलंव. दोनय वर्सा दिलंव," ती म्हणाली. "आणि काय करूचा माणसान?"

सिस्टर गोठ्यात गेली. सावित्री घमेलं बाजूला ठेवून भिंतीला टेकली. सिस्टरने तिच्या पोटावर हात ठेवला, कान लावला, पायाची सूज बोटाने दाबून पाहिली. सगळं ठीक होतं. सावित्रीने वर न बघताच विचारलं, "मादर, बारसा बाराव्या दिसाक करतत ना?"

"होय."

"आदल्या दोगांक नावच नाय. मनात हाक मारूची म्हटली तरी काय म्हणान मारूची?"

 सिस्टरने पुन्हा एकदा पोटावर हात ठेवला, आणि या खेपेला तो जरा जास्त वेळ ठेवला.

परत जाताना तरीवर, होडीच्या उताराशी, धोंडू भेटला. डोक्यावर पातेऱ्याचा, म्हणजे सुक्या पानांचा, भारा होता. तरीचा शिवा वल्ह्यावर हात ठेवून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "काय रे धोंड्या, दारात तुळस ठेवतलस की खुरीस रोवतलस?"

क्रूसाचा तो टोमणा धोंडूने कानाआड केला. भारा मात्र त्याने शिवाच्या पायाला घासूनच पुढे नेला.

सिस्टरांचं कॉन्व्हेंट खाडीच्या अलीकडे, देवबागेच्या वाटेवरच्या वाळूत होतं. चार खोल्या, एक लहान चॅपेल आणि पडवीत दवाखाना. बेळगावच्या इस्पितळात तीन वर्षं नर्सिंग शिकून आलेली उर्सुला बत्तीस वर्षांची. मंगळूरच्या मोनिकाने साठी ओलांडली होती. तिला मालवणी अर्धी समजे आणि गुडघे अजिबात साथ देत नसत. पण एकटीने बाहेर पडायचं नाही असा नियम होता, म्हणून ती वाळू तुडवत बरोबर येई. दुसरा नियम संध्याकाळच्या घंटेचा. सहाला घंटा व्हायची, तेव्हा प्रत्येक सिस्टर आत हवी.

"पोर घंटा बघून जन्माला येत नाही," उर्सुला मदर सुपिरिअरना म्हणाली.

"येत नाही," मदर म्हणाल्या. "पण होडी बंद झाल्यावर तुम्ही दोघी कुणाच्या घरी राहणार? तुम्हाला करवंटीतून पाणी देणाऱ्यांच्या?"

उर्सुलाने वाद घातला नाही. नियम तिने आपखुशीने पत्करला होता. पण आपले हात तिथे पोचणार नसतील तर दुसऱ्या कुणाचे तरी पोचायला हवेत, हे तिला त्या रात्रीच्या प्रार्थनेतच कळून चुकलं. आणि दोन्ही काठांवर तसे हात एकीचेच होते.

दुरपती वयजीण वाळूतल्या झोपडीपुढे काजूच्या बिया वाळवत बसली होती. वय सत्तरीच्या आसपास. खाडीच्या दोन्ही बाजूंची बाळंतपणं चाळीस वर्षं तिच्याच हातून होत आली होती.

"आजये," उर्सुला तिच्यासमोर वाळूत बसत म्हणाली, "गेल्या चार वर्सांत तुज्या हाताखाली किती पोरा जल्मली?"

"मोजूक काय ते माडावरचे नाल्ल आसत?"

"मोज तरी. घर घर आठव. एक पोर, एक काजी."

दुरपतीला लिहिता येत नव्हतं, पण घरं पाठ होती. देवबागेच्या टोकाकडून तिने सुरुवात केली आणि एकेक बी मांडत आली. "हो भाईचो झील. ही तांडेलाची जुळी, दोन काजये घाल. हो पायाळू होतो, गेलो." वाळूकडच्या बाजूला एकतीस बिया झाल्या. गेलेलं पोर एक. मग ती खाडीपलीकडच्या शेतकरी वाडीत शिरली. तिथे एकोणीस झाल्या. गेलेली पोरं वेगळी ठेवत गेली, तसा तिचा हात हळू होत गेला. सात.

"कितव्या दिसाक?" उर्सुलाने विचारलं.

"सातव्या. आठव्या. एक नवव्या." दुरपती त्या सात बियांकडे बघत राहिली. "हात माजोच. सुरी तीच. मगे हडेची, वाळूतली, जगतत, आणि थडेची, खाडीपलीकडली, कशी जातत?"

"बेंबयेर काय लावतस?"

"राख. ज्या घरात जी आसता ती."

"हयसरची राख कसली?"

"माडाच्या सोडणाची, चुडताची. हयसर ढोरा खंय आसत?"

"आणि थयसर?"

दुरपती उत्तर देणार होती, पण तोंड उघडं ठेवून थांबली. पलीकडे चुलीत शेणी जळत. त्यांची राख मडक्यात भरून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवत, उघडीच. तिने ती तिथूनच चिमटीने कितीदा घेतली होती.

"शेणात एक किडो आसता," उर्सुला म्हणाली. "डोळ्यांक दिसणा नाय. चुलीतल्या ताज्या राखेत नसता, पण गोठ्यात राख पडान रवली की परत येता. ताज्या बेंबयेत शिरता. आठ दिस घेता."

"म्हणजे ह्या माज्या हातान झाला म्हणतस?"

"हातान नाय. राखेन."

"आणि राख कोणी लावली?"

 वाऱ्याने झावळ्या वाजत होत्या. आतापर्यंत लाकडाच्या ओंडक्यावर बसलेली सिस्टर मोनिका कण्हत उठली आणि गुडघे दुमडून म्हातारीच्या शेजारी वाळूत बसली. किती समजलं होतं कोण जाणे. ती बियांतले खडे वेचू लागली. दुरपतीने बेचाळीस बिया आणि पायाळू पोराची एक सुपात परत लोटली. त्या सात तेवढ्या ओच्यात बांधल्या.

"सांग," ती म्हणाली. "काय करूचा?"

उर्सुलाने पिशवीतून जाड पांढरा दोरा काढला आणि त्याचे दोन-दोन गाठींना पुरतील असे आठ तुकडे केले, एका पोराला एक. दोरा आणि सुरी पाण्यात उकळायची. किती वेळ? दुरपतीकडे घड्याळ नव्हतं. "पेजेचे तांदूळ शिजासर," उर्सुला म्हणाली. नाळेवर बेंबीपासून दोन बोटांवर एक गाठ, चार बोटांवर दुसरी, मध्ये काप. हात साबणाने कोपरापर्यंत. आणि बेंबीवर काही नाही.

"कायच नाय?"

"कायच नाय. सुकता आपणच."

"मगे माका बोलवतत कित्याक?" दुरपती म्हणाली, पण साबणाची वडी तिने हुंगून पाहिली आणि ठेवून घेतली.

वैशाखात धोंडूच्या मळ्यात भाजावळ चालू होती. भाताची रोपं जिथे करायची त्या वाफ्यावर शेण, पातेरा आणि माती असे थर घालून ते पेटवायचे, मग पहिल्या पावसाआधी त्या राखेत बी पेरायचं. धोंडू वाऱ्याच्या तोंडाकडून आग लावत होता, काशीबाई निरगुडीच्या फांदीने पसरणाऱ्या ज्वाळा मारत होती. सावित्री बांधावर बसून पातेरा उसकटत होती. वाकणं आता तिला जमत नव्हतं. उर्सुला, मोनिका आणि दुरपती बांधावर आल्या तेव्हा तिघींचेही डोळे धुराने पाणावले.

दुरपतीने एका दमात सगळं सांगून टाकलं. काशीबाईने फांदी खाली टाकली.

"राख लावची नाय? चाळीस वर्सा तूच लावलंस!"

"लावलंय. म्हणानच सांगतंय."

"तरवो राखेत वाडता," काशीबाई सिस्टरकडे वळली. "हयां बघा, ह्या काय चल्लाहा? राखेशिवाय दाणो वर येणा नाय. आणि पोराची बेंबी उघडी ठेवू? गावात काय म्हणतीत?"

उर्सुला जळत्या वाफ्याकडे बघत होती. वडिलांच्या मळ्यात तिनेही लहानपणी अशीच फांदी मारली होती. "काशीबाय, जमीन भाजतास कित्याक? शेण नुसता टाकल्यार चलणा नाय?"

"चलता कसा! गवात येता. भाताच्या वर जाता."

"गवताचा बी दिसता काय तुमका?"

"मातयेत कसा दिसतला?"

"पण आसता."

"आसताच."

"भाजल्यार?"

"मरता," काशीबाई म्हणाली, आणि मग तिला कळलं की बोलणं कुठे चाललं होतं. तिने फांदी पुन्हा उचलली. "मादर, तुमी मातयेची गजाल पोराक लावतास."

"तुमीच पयली लावलास."

दुरपती खो खो हसली आणि धुराने खोकली. काशीबाई मात्र हसली नाही. दोन ज्वाळा गरजेपेक्षा जोरात मारून ती वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला निघून गेली. तिच्या पाठीवर दुरपतीने हाक दिली, "काशे, राख लावतलस तर माका बोलवू नको! दुसरी वयजीण सोद!"

दुसरी वयजीण पाच कोसांत नव्हती.

सोमवारी संध्याकाळी, शेवटच्या तरीच्या वेळी धोंडू दुरपतीला न्यायला आला. कॉन्व्हेंटची घंटा झाली होती. उर्सुलाने खिडकीतून बघितलं: होडी पाण्यावर, पुढे दुरपती गाठोडं मांडीवर धरून ताठ बसलेली. चॅपेलमध्ये तिच्या ओठांवर प्रार्थनेचे शब्द होते, पण मन पेजेच्या भांड्यावर होतं. पाणी आटून जाईल का? सुरी बाहेर काढून ती कशावर ठेवील? देवाने या गोष्टी ऐकून घ्यायच्या असतील तर त्या अशाच ऐकाव्या लागतील, असं तिला वाटलं, आणि तिने त्या तशाच सांगितल्या.

सकाळी पहिल्या होडीने त्या दोघी पलीकडे गेल्या. चेडू झालं होतं. दुरपती पडवीत भिंतीला टेकून झोपली होती, शेजारी धुतलेली सुरी पालथ्या टोपावर. उर्सुलाने बाळाचं फडकं सोडलं. दोन बोटांवर गाठ, चार बोटांवर गाठ. काप सरळ, कोरडा.

"बरा आसा?" सावित्रीने विचारलं.

"बरा आसा." याहून एक शब्दही जास्त बोलायचा तिला धीर झाला नाही.

बुधवारी फडकं सोडलं तेव्हा तिचा हात थबकला. बेंबीच्या देठाभोवती करडी राख होती.

"ह्या कोणी लावल्यान?"

सावित्रीने मान भिंतीकडे फिरवली. दुरपती पडवीतून आत आली, वाकून पाहिलं आणि तिचा आवाज चढला. "काशे! काय केलंस गो ह्या?"

काशीबाई दारात उभी राहिली. "लावलंय. दोन पोरा ह्याच खोलीतून भायर काढलंय मी, ह्या हातांनी. तिसऱ्याक काय न लावता बघत बसू?"

"खंयची राख?" उर्सुलाने विचारलं.

"गोठ्यातली."

दुरपती मटकन खाली बसली. तिचा हात ओच्यावर गेला.

"पण भाजलंय," काशीबाई म्हणाली.  "खापरीत घातलंय आणि लाल होयसर भाजलंय. जमीन भाजतंव तशी. माका काय अक्कल नाय? हयां बघा." तिने उजवा हात पुढे केला. तळव्यावर रुपयाएवढा फोड होता, पाण्याने भरलेला.

उर्सुलाने तो हात हातात घेतला. लाल झालेल्या खापरीत जिवंत काही राहत नाही, हे तिने पुस्तकात वाचलं होतं आणि प्रयोगात पाहिलं होतं. पण खापरीपासून बेंबीपर्यंतची वाट?

"लावलास कशान?"

"बोटान. धुवन गो! तुमच्याच साबणान. दुरपतीचो घेतलंय, तिका न सांगता."

"चोरटी," दुरपती पुटपुटली.

उर्सुलाने राख स्पिरिटच्या कापसाने टिपून काढली, मग काशीबाईच्या फोडावर मलम लावून पट्टी बांधली. "आता परत लावू नकात," एवढंच ती म्हणाली. रागवायला तिच्याकडे वेळ नव्हता. ती दिवस मोजत होती. बुधवार हा तिसरा. अजून पाच.

शनिवारी घरात सटी पुजली. बाळ दूध पीत होतं. पण आधीची दोन्हीही सहाव्या दिवशी पीत होतीच.

रविवारी, सातव्या दिवशी, वारा सुटला. पावसाचा थेंब नाही, नुसता कोरडा, वाळू उडवणारा दक्षिणेचा वारा. शिवाने होडी वर ओढून उलटी घातली होती. "आज नाय, मादर," तो म्हणाला. "माका पोरा आसत आणि तुमका पवाक येणा नाय."

उर्सुला काठावरच उभी राहिली. मोनिका डोक्यावरचं कापड दोन्ही हातांनी धरून तिच्या शेजारी. खाडी पांढरी झाली होती. पलीकडे धोंडूचं घर दिसत होतं, काळा पडलेला वाफा दिसत होता, माणूस मात्र एकही नाही. पोर रडत असलं तरी इथवर आवाज येणार नव्हता. आणि रडत नसलं तरी कळणार नव्हतं.

मग तिला कुंपण दिसलं.

घराच्या दक्षिणेच्या बाजूला काठीवर लहान पांढरी फडकी बांधली होती, उडू नयेत म्हणून गाठी मारून. ती वाऱ्यावर आडवी फडफडत होती. उर्सुलाने डोळ्यांवर हात धरून मोजली. चार. पुन्हा मोजली. पाच.

"काय बघतेस?" मोनिकाने विचारलं.

"फडकी. पाच ओली झाली, सिस्टर. सकाळपासून पाच." तिचा आवाज वाऱ्यात फुटला. "दूध आत गेल्याशिवाय फडकी ओली होत नाहीत."

मोनिकाने पलीकडे बघितलं. तिला इतक्या लांबचं दिसत नव्हतं, पण तिने क्रूसाची खूण केली. तेवढ्यात कुंपणापाशी एक बाई आली, वाकली आणि आणखी एक फडकं बांधून गेली.

शिवा होडीच्या आडोशाने विडी ओढत होता. त्याने विचारलं, "किती झाली?"

"सहा."

"बरा झाला," शिवा म्हणाला, आणि विडी विझली होती तरी ओढत राहिला.

आठव्या दिवशी वारा पडला. पहिल्या होडीतून उतरल्यावर उर्सुला चढावावर जवळजवळ धावली. मोनिका मागे राहिली, आणि नियम मोडल्याचं दोघींनीही मनावर घेतलं नाही. आत सावित्री पोराला पाजत होती.  उर्सुलाने करंगळी स्वच्छ पुसली, बाळाचं तोंड स्तनापासून अलगद सोडवलं आणि बोट आत घातलं. जबडा सैल होता. हिरड्यांनी बोट पकडलं आणि जिभेने जोरात ओढलं. मग त्यातून काही येत नाही हे कळून पोर लालबुंद होऊन ओरडलं.

"कित्याक रडवतास तेका?" सावित्री म्हणाली आणि स्वतःच रडू लागली.

उर्सुला बाहेर खळ्यात येऊन बसली.  "काशीबाय, पाणी देशात?"

काशीबाई गोंधळली. "आमका सोयर आसा मादर. धा दिस आमच्या घरचा पाणी कोण घेणा नाय. शेजारीपाजारी पण."

"माका तहान लागली हा."

काशीबाई आत गेली. माडाच्या मुळाशी करवंट्या पडल्या होत्या; तिथवर ती आली, थांबली, आणि परत फिरली. पितळेच्या तांब्यातून पाणी आलं. तिने तो जमिनीवर ठेवला नाही. पट्टी बांधलेल्या हाताने तो तिला नीट धरता येत नव्हता, म्हणून दोन्ही हातांनी धरला, आणि उर्सुलानेही दोन्ही हातांनी घेतला.

"नाव काय ठेवतलास?"

"मी म्हणतंय धोंडी," काशीबाई म्हणाली. "माज्या झिलाच्या आधीची माजी दोन गेली तेव्हा मी तेका धोंडू म्हटलंय. जगलो. दगडाक कोण नेणा नाय."

आतून सावित्रीचा आवाज आला, रडून जड झालेला, पण स्पष्ट. "शालन. नाव शालन."

काशीबाईने दाराकडे बघितलं, मग वाफ्याकडे. "शालन तर शालन," ती म्हणाली. "सून माजा आयकता खंय!"

श्रावणात खाडी तांबडी, काठोकाठ. उर्सुला आणि मोनिका छत्री सावरत तरीवर आल्या, तेव्हा समोरून आलेल्या होडीतून दुरपती उतरत होती. डोक्यावर इरलं, काखेत गाठोडं, गुडघ्यापर्यंत चिखल.

"गो मादर, तुकाच सोदतंय. तुजो दोरो संपलो. दी आणखी."

"संपलो? आठ तुकडे होते."

"आठय लागले. पाच थडेक, तीन हडेक."

उर्सुलाने विचारायला तोंड उघडलं, पण प्रश्न नीट जुळेना. दुरपती तिच्याकडे बघत राहिली, मग इरलं मागे सारून म्हणाली,

"बघतस काय अशी? दूध पितत सगळी. दोरो दी, माका उशीर होता."